मशीन सोळा चॅनेलचं, रेकॉर्डिंग किती दिवसांचं?

वाचक विचारतात : सीसीटीव्हीचे रेकॉर्डर

प्रश्न : कोल्हापूरच्या गुजरीत आमची सराफी पेढी आहे. दुकानात जुने चार कॅमेरे आहेत. आता मागची कारागिरांची खोली धरून एकूण अकरा करायचे आहेत. दोन कोटेशनं आलीत. पहिल्यात सोळा चॅनेलचा डीव्हीआर आणि ४ टीबीची हार्ड डिस्क आहे, 'महिन्याचं रेकॉर्डिंग आरामात बसतं' असं तोंडी सांगितलंय. दुसऱ्यात एनव्हीआर आहे, वायर सगळी नवी, आणि खर्च जवळजवळ दुप्पट. भरवशाचं मशीन कोणतं?
– एक सराफ, गुजरी

उत्तर : डीव्हीआर म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या गोल कोअॅक्स वायरने जोडलेल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एनव्हीआर म्हणजे नेटवर्क वायरवरच्या, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांचा. एक चॅनेल म्हणजे एका कॅमेऱ्याची जागा. मशीनचं नंतर बघू, आधी ते 'आरामात' तपासू. त्याला कागद-पेन्सिल पुरते. कॅमेरा मशीनकडे सेकंदाला किती माहिती धाडतो त्याला बिटरेट म्हणतात आणि तो एमबीपीएसमध्ये मोजतात. एका कॅमेऱ्याचा बिटरेट १ एमबीपीएस असेल तर चोवीस तासांत १०.८ जीबी जागा भरते. एवढा एक आकडा पाठ असला की पुढचा सगळा साधा गुणाकार.

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा व्हिडिओ दाबून लहान करायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीने, हलता माणूस स्वच्छ दिसेल असा लावायचा तर ४ एमबीपीएस धरावेत. दिवसाला ४३.२ जीबी झाले. अकरा कॅमेऱ्यांचे ४७५. चार टीबीच्या डिस्कमध्ये साडेआठ दिवससुद्धा भरत नाहीत. नवी एच.२६५ पद्धत घेऊन बिटरेट २ वर आणला तर जेमतेम सतरा दिवस. तीस दिवस बसवायचे झाले तर प्रत्येक कॅमेरा १.१ एमबीपीएसवर उतरवावा लागेल. 'आरामात' म्हणणारे बहुतेक जण हेच करतात, नाहीतर सेकंदाला पंचवीसऐवजी आठ-दहाच फ्रेम, म्हणजे चित्रं, ठेवतात. रिकाम्या दुकानाचं चित्र तेव्हाही छान दिसतं. गिऱ्हाईक वळलं, हात पुढे आला, की चेहऱ्याच्या जागी चौकोन उमटतात, आणि पेढीवाल्याला पुढे कधीतरी नेमका तोच क्षण बघायचा असतो.

म्हणून कोटेशनवर प्रत्येक कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन, फ्रेम आणि बिटरेट लिहून घ्या, आणि त्याच सेटिंगला किती दिवसांचं रेकॉर्डिंग बसेल तेही. या ओळीवर सही द्यायला जो कांकू करतो त्याच्याकडून मशीन घेऊ नये.

दुसरी मेख खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असते. स्वस्त डीव्हीआरवर '१०८०एन' किंवा '१०८०पी लाइट' असं छापलेलं असतं. पूर्ण १०८०पी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते, या 'एन'मध्ये ती ९६० होते. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असला तरी डिस्कवर उतरतं ते अर्धंच. टीव्हीवर चित्र ताणून दाखवतात, त्यामुळे दुकानात उभ्या-उभ्या फरक कळत नाही. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर तो उभा राहतो त्या जागी रुंदीच्या एका मीटरला २५० पिक्सेल मिळायला हवेत, असं सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात धरलं आहे. १९२० ला २५० ने भागलं की साडेसात मीटरच्या थोडं वर येतं. ९६० ला भागलं की पावणेचार मीटरच्या आसपास. टेप घ्या आणि एका कॅमेऱ्यात काउंटरची जेवढी लांबी घेतली आहे ती मोजा. ती पाच मीटर निघाली तर या '१०८०पी लाइट'वाल्या मशीनवर चेहरा ओळखू येणार नाही, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुन्या चार कॅमेऱ्यांची वायर आधी बघा. जाड, तांब्याची कोअॅक्स असेल आणि तिच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर उघडल्यावर आत हिरवं चढलेलं नसेल, तर ती वायर उखडायचं कारण नाही. नव्या सात जागांना मात्र कॅट-६ नेटवर्क वायर टाकून आयपी कॅमेरे लावा आणि दोन्ही प्रकार घेणारा हायब्रिड रेकॉर्डर घ्या, ज्याला बाजारात एक्सव्हीआर म्हणतात. काउंटरचे तीन आणि दाराचा एक, हे महत्त्वाचे चार कॅमेरे नव्या आयपी सातांतले ठेवा. आमच्या मते तुमच्या पेढीला हेच योग्य. सगळं नवं करायला हरकत नाही, पण त्या जादा पैशातला मोठा भाग वायरवर जाईल. तोच पैसा डिस्क आणि यूपीएसवर घातलेला बरा.

मशीन निवडताना त्याच्या माहितीपत्रकातले तीन आकडे काढून घ्या. पहिला, येणाऱ्या माहितीची एकूण मर्यादा. त्याला इनकमिंग बँडविड्थ म्हणतात. मशीन सोळा चॅनेलचं आणि मर्यादा ८० एमबीपीएस असेल, तर ४ एमबीपीएसचे सोळा कॅमेरे चालतील, पण आठ मेगापिक्सेलचे ८ एमबीपीएसवाले दहाच. त्यापुढचे कॅमेरे कधी दिसतात, कधी गायब होतात, आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. दुसरा आकडा, सगळे चॅनेल भरलेले असताना प्रत्येकाला किती रिझोल्यूशन आणि किती फ्रेम मिळतात. 'कमाल ५ मेगापिक्सेल' हे पुष्कळदा थोड्याच चॅनेलना, तेही कमी फ्रेमवर लागू असतं. तिसरा, डिस्कच्या जागा किती आणि एका जागेत जास्तीत जास्त केवढी डिस्क चालते. तुम्हाला दोन जागा असलेलंच मशीन घ्यायचं आहे.

हिशेब असा बसतो. महत्त्वाचे चार कॅमेरे ४ एमबीपीएसवर, बाकीचे सात २ वर. दिवसाला ३२४ जीबी, तीस दिवसांना ९.७ टीबी. सहा टीबीच्या दोन डिस्क घेतल्या तर सदतीस दिवस मिळतात. मशीनवर ६ टीबीची डिस्क साडेपाचच्या आसपास दाखवेल. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, मशीन १०२४ च्या, एवढाच फरक.

डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कारण नीट समजून घ्या, म्हणजे हजार रुपये वाचवायचा मोह होणार नाही. वरच्या हिशेबाने तुमच्या प्रत्येक डिस्कवर वर्षाला ५९ टीबी लिहिलं जाणार. कॉम्प्युटरसाठीच्या साध्या डिस्कला साधारण ५५ टीबी वर्षाचं काम धरलेलं असतं, तेही दिवसातले काही तासच चालेल असं समजून. सीसीटीव्हीच्या डिस्कला १८० टीबी आणि चोवीस तास धरतात. शिवाय साधी डिस्क एखादी खराब जागा लागली की पुन्हापुन्हा वाचत अडून बसते, आणि तेवढ्या वेळात येणारं चित्र हातातून जातं. सीसीटीव्हीची डिस्क फार अडून न राहता पुढे सरकते.

डिस्क दोन असल्या तरी त्या एकमेकींची नक्कल ठेवत नाहीत, हे विसरू नका. लहान मशीनमध्ये एक भरली की दुसरी, असं चालतं. एक गेली तर तिच्यावरचे दिवस गेले. म्हणून महत्त्वाच्या चार आयपी कॅमेऱ्यांत मेमरी कार्डची जागा असू द्या आणि २५६ जीबीची, सतत लिहिण्यासाठी बनवलेली कार्डं घाला. ४ एमबीपीएसला पाच दिवसांहून जास्त रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातच राहील. चोर आता मशीनच उचलून नेतात. ते नेलं तरी एवढं हातात उरतं.

त्याच कारणाने मशीन काउंटरखाली नको. भिंतीला बोल्टने आवळलेली, कुलपाची, जाळीची हवा असलेली पेटी करा आणि ती आतल्या खोलीत लावा. पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे डिस्क भाजते. मशीनच्या मेनूत डिस्कच्या माहितीत तापमान दिसतं. ते भर दुपारी ४५ अंशांच्या आत राहिलेलं बरं.

पैसे चुकते करण्याआधी एक परीक्षा घ्या. रात्री दुकान बंद करून, नेहमी जेवढे दिवे ठेवता तेवढेच ठेवून, घरातल्या कुणाला तरी दारातून आत यायला सांगा. त्यांनी नेहमीच्या चालीने काउंटरपर्यंत जावं, ट्रे उचलल्यासारखा हात पुढे करावा आणि वळून बाहेर पडावं. लगेच मशीनवर तेवढी दोन मिनिटं लावा. लाइव्ह चित्र नव्हे, रेकॉर्डिंग. हात पुढे आल्याच्या जागी थांबवा. चेहरा ओळखतो का? बोटं वेगळी दिसतात का? मग चार कॅमेरे एकदम मागे-पुढे करून बघा. चित्र अडखळत असेल तर मशीनची ताकद कमी आहे. शेवटी तेवढाच तुकडा पेनड्राइव्हवर काढा आणि दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडून दाखवायला सांगा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि ऐन वेळी फाइल उघडत नाही म्हणून धावपळ होते.

आणखी दोन गोष्टी. सगळं लागल्यावर मशीनच्या सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा, म्हणजे त्याच मॉडेलचं मशीन बदलून आलं तर अकरा कॅमेरे पहिल्यापासून लावत बसावं लागत नाही. आणि मशीन दुरुस्तीला गेलं तर तोवर बदली मशीन मिळणार का, हे बिलावर लिहून घ्या. कोल्हापुरात दुरुस्ती होत नसेल तर मशीन बाहेरगावी जाऊन येईपर्यंत पेढी उघडी पडते.

प्रश्न : यंत्रमागाच्या शेडसाठी मशीन घेतलं. डिस्कवर जांभळं लेबल आहे, पण भावात फार फरक पडला. अस्सल नवी आहे हे कसं ओळखायचं?
– इचलकरंजी

उत्तर : लेबलवर जाऊ नका. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या पानावर टाका. सीसीटीव्हीच्या डिस्कला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. काल घेतलेल्या डिस्कची वॉरंटी सहा महिन्यांत संपत असेल किंवा नंबरच सापडत नसेल, तर परत करा. मग मशीनच्या मेनूत डिस्कची 'स्मार्ट' माहिती उघडा. त्यात 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते असतं. नव्या डिस्कवर ते शून्याच्या जवळ हवं. एका वर्षाचे ८७६० तास होतात. तिथे वीस हजार दिसले तर ती दोन वर्षांहून जास्त राबून आलेली आहे. त्याच यादीत 'रिअॅलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि 'पेंडिंग' (संशयित जागा) या दोन ओळी बघा. शून्य हवं. पेंडिंगचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क लवकरच जाणार, वाट बघू नका.

हे तास पुसून विकणारेही आहेत, म्हणून आधी सीरियल नंबर आणि मग तास, दोन्ही बघा. तुमच्या शेडमध्ये कापसाची तूस उडते, ती पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. आठवड्याला ब्रशने झाडा. फुंकणीने आत फुंकू नका.

प्रश्न : फाउंड्रीत सोळा कॅमेरे आहेत. मशीन दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं, कधी ट्यूं-ट्यूं वाजतं आणि 'नो हार्ड डिस्क' दाखवतं. पलीकडच्या शेडच्या चार कॅमेऱ्यांत आडव्या पट्ट्या वर सरकत राहतात. मिस्त्री म्हणतो मशीन बदला.
– शिरोली एमआयडीसी

उत्तर : मशीन बदलायच्या आधी शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत.

बंद-चालू होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मशीनचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा काही सेकंद एकटीच दीड-दोन अँपिअर ओढते, एकदा फिरू लागली की अर्ध्याच्याही खाली येते. अडॅप्टर दोन-तीन वर्षं तापून दमला की त्या पहिल्या झटक्याला त्याचा व्होल्टेज बसतो, डिस्क फिरत नाही, मशीनला ती दिसत नाही, ते पुन्हा सुरू होतं. मीटर डीसी व्होल्टवर लावा, मशीनच्या पिनशी टोकं धरा आणि मशीन सुरू करायला सांगा. सुरू होताना आकडा साडेअकराच्या खाली गेला तर अडॅप्टर बदला. जुना २ अँपिअरचा असेल आणि डिस्क दोन असतील तर ४ किंवा ५ अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा घ्या. कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्यावरून, म्हणजे एसएमपीएसवरून, मशीनला वायर काढलेली असेल तर ती आजच तोडा. एका कॅमेऱ्याची वायर शॉर्ट झाली की मशीनही बसतं.

अडॅप्टर ठीक निघाला तर आत डिस्कला जाणारी साटा केबल काढून घट्ट बसवा. फाउंड्रीच्या कंपनाने ती सैल होते. त्यानंतर संशय डिस्कवर, आणि सगळ्यात शेवटी मशीनवर.

फर्नेस सुरू होताना लाइन हलते, त्यामुळे मशीनला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस हवाच. सोळा कॅमेरे, मशीन आणि दोन डिस्क मिळून रात्री, म्हणजे कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे पेटलेले असताना, सव्वाशे वॉटच्या आसपास जातात. ६०० व्हीए यूपीएसची ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी तेवढ्यावर वीस-पंचवीस मिनिटं काढेल. महावितरणचा खंड त्याहून मोठा असतो, म्हणून मागे इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टरवर 'ईको' आणि 'यूपीएस' अशी खिटी असेल तर ती 'यूपीएस'वर ठेवा. नाहीतर लाइट जाऊन बॅटरीवर येईपर्यंतच्या त्या क्षणभरात मशीन बंद-चालू होतं. इन्व्हर्टर आहे म्हणून लहान यूपीएस काढून टाकू नका, तो इन्व्हर्टर आणि मशीन यांच्या मध्ये राहू दे.

आडव्या पट्ट्यांचं कारण अर्थिंग. पलीकडच्या शेडला वेगळं अर्थिंग आहे, कॅमेऱ्याची धातूची बॉडी लोखंडी खांबाला लागली आहे आणि दोन अर्थमधला फरक कोअॅक्सच्या जाळीतून मशीनकडे वाहतो. आधी कॅमेरा आणि खांब यांच्यात प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा ठोकळा घालून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच पट्ट्या जातात. नाही गेल्या तर प्रत्येक लाइनला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. पण एका शेडवरून दुसऱ्या शेडवर उघड्यावरून तांब्याची वायर नेणं मुळातच वाईट. वळिवाच्या पावसात वीज कडाडली की तीच वायर मशीनचे पोर्ट जाळते. पुढे बदल कराल तेव्हा तिकडे आयपी कॅमेरे आणि लहान पीओई स्विच (नेटवर्क वायरमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) ठेवा आणि दोन शेडमध्ये फायबर टाका. दोन्ही टोकांना फायबर आणि नेटवर्क वायर जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लागतात. फायबरमधून ना पट्ट्या येतात ना विजेचा झटका. साध्या नेटवर्क वायरला मशीनपासून कॅमेऱ्यापर्यंत शंभर मीटरची मर्यादा असते, तीही अडचण फायबरने सुटते.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटमध्ये गाडीची बॅटरी चोरीला गेली. मशीन उघडलं तर गेल्या दीड महिन्याचं काहीच नाही, आणि टीव्हीवर तर सगळे कॅमेरे रोज दिसत होते. असं कसं?
– सोसायटीचे सेक्रेटरी, राजारामपुरी

उत्तर : टीव्हीवर दिसणं आणि डिस्कवर उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क मेली तरी लाइव्ह चित्र चालूच राहतं, म्हणूनच हा दोष महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हताश व्हायच्या आधी एक करून बघा. मशीनच्या आतली नाण्यासारखी बॅटरी उतरली असेल आणि लाइट गेली असेल, तर घड्याळ मागे जातं आणि रेकॉर्डिंग भलत्याच तारखेखाली जमा होतं. शोधताना १ जानेवारी २०००, १ जानेवारी १९७० आणि मशीन ज्या वर्षी घेतलं त्या वर्षाच्या तारखा लावून बघा. तिथे सापडलं तर फरक मोजून खरी वेळ काढता येते.

तिथेही नसेल तर तीन ठिकाणी बघा. डिस्कच्या यादीत 'एरर' किंवा 'अनइनिशिअलाइज्ड' दिसतं का. तसं असेल तर घाईने फॉरमॅट दाबू नका, जुनं मिळायची शक्यता जाते. दुसरं, 'ओव्हरराइट', म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवर नवं लिहिणं, बंद आहे का. ते बंद असलं की डिस्क भरल्या दिवशी रेकॉर्डिंग थांबतं. तिसरं, रेकॉर्डिंगचं वेळापत्रक. कुणीतरी मशीन रीसेट केल्यावर ते कोरं राहतं, किंवा फक्त हालचालीवर ठेवलेलं असतं आणि हालचाल ओळखण्याची खूण एकाही कॅमेऱ्याला लावलेली नसते.

पुढे असं होऊ नये म्हणून मशीनच्या 'एक्सेप्शन' मेनूत डिस्क एरर, डिस्क फुल आणि व्हिडिओ लॉस या तिन्हींना बझर चालू करा आणि मोबाइलवरही सूचना येऊ द्या. आवाजाचा त्रास होतो म्हणून वॉचमन बझर बंद करायला लावतो. त्याला सांगून ठेवा, मशीन वाजलं तर पासवर्ड शोधू नका, सेक्रेटरींना फोन करा. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं एनटीपी चालू करा आणि टाइम झोन जीएमटी अधिक साडेपाच तास आहे ना ते बघा. दर पंधरा दिवसांनी एकाने पंधरा दिवसांपूर्वीचा रात्री दोनचा तुकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा उघडून पाहायचा आणि रजिस्टरला सही करायची. सोळा कॅमेऱ्यांना दहा मिनिटं पुरतात. ज्या सोसायटीत हे रजिस्टर नाही तिथे डिस्क चालू आहे असं धरून चालू नये.

प्रश्न : दुकानासमोर अपघात झाला, पोलिसांनी आमचं रेकॉर्डिंग मागितलं आहे. कसं द्यायचं?
– लक्ष्मीपुरी

उत्तर : सगळ्यात आधी ते पुसलं जाण्यापासून वाचवा. तुमच्या मशीनवर आठ दिवस बसत असतील तर नवव्या दिवशी ते गेलेलं असेल. मशीनमध्ये फाइल 'लॉक' करायची सोय असते, ती वापरा आणि आजच तुकडा काढा. घटनेच्या आधीची आणि नंतरची पंधरा-पंधरा मिनिटंही घ्या. मोबाइलने टीव्हीच्या पडद्याचं शूटिंग करून देऊ नका. मशीनच्या मूळ फॉरमॅटमधली फाइल आणि ती उघडणारा प्लेअर, दोन्ही पेनड्राइव्हवर काढा.

मग मशीनचं घड्याळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी धरून फोटो काढा. मशीन सात मिनिटं पुढे असेल तर तसं लिहून द्या, वेळ दुरुस्त करायचा मोह तूर्त टाळा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा-अक्षरांचा ठसा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. काढल्या काढल्या हॅश घेऊन ठेवली की पुढे कुणी 'फाइल बदलली' म्हणालं तर उत्तर हातात असतं. पेनड्राइव्ह दिल्याची पोच घ्या आणि तीच फाइल आपल्याकडे वेगळ्या डिस्कवर ठेवा.

प्रश्न : मोबाइलवर कॅमेरे बघता यावेत म्हणून कॅमेरेवाल्याने राउटरमध्ये काहीतरी 'पोर्ट' उघडलं आहे आणि पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच ठेवतो. धोका आहे का?
– हुपरी

उत्तर : आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून थेट तुमच्या मशीनपर्यंत येणारी वाट, ते उघडलेलं पोर्ट बंद करायला सांगा. कंपनीच्या अॅपमधून क्यूआर कोड लावून बघता येतं. पासवर्ड तुमचा, निदान बारा अक्षरांचा, आणि कॅमेरेवाल्याला वेगळं, मर्यादित परवानगीचं खातं द्या. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कंपनी अजून अद्ययावत करते का ते विकत घेण्याआधी विचारा. रेकॉर्डरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते दिसतं. चांदीचा माल घरात ठेवणाऱ्यांनी आणखी एक करावं. आतल्या खोलीचा कॅमेरा मोबाइलवर दिसणाऱ्या यादीतून काढून टाकावा, तो फक्त मशीनवर उतरू द्यावा.

प्रश्न : दुकान तळमजल्यावर आहे आणि पंचगंगा चढली की आमच्या गल्लीत पाणी येतं. मशीन कुठे ठेवू?
– शाहूपुरी

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. २०१९ ला तुमच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठे उमटली होती ती बघा आणि मशीन, यूपीएस, पीओई स्विच असं सगळं त्या रेघेच्या निदान दोन फूट वर, शक्य तर पहिल्या मजल्यावर न्या. वायरचे जोड जमिनीलगतच्या पट्टीत ठेवू नका. कोअॅक्स आणि नेटवर्क वायर पाणी आतून ओढून घेते आणि वरच्या टोकापर्यंत गंज चढतो, म्हणून जोड वरच करायचे.

पाणी इशारा पातळीला आलं की महत्त्वाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा, मशीन मेनूतून रीतसर बंद करा आणि डिस्कसकट वर हलवा. कधी चुकून डिस्क पाण्यात गेलीच तर ती चालू करून बघू नका. उन्हात किंवा तांदळात वाळवूही नका. वाळताना चिखलाचे कण तबकडीवर घट्ट बसतात आणि फिरताच वाचणारं टोक त्यावर घासतं. ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तशीच ओली डेटा रिकव्हरीवाल्याकडे पोचवा.